काळ्या मातीवर रबरी टाईल

रबरी टाईल म्हणजे जुन्या टायरांचा भुगा पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यात कालवून, साच्यात उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेली लादी. टायर फाडल्यावर त्यातली पोलादी तार चुंबकाने ओढून घेतात, धागे हवेच्या झोताने वेगळे करतात आणि उरलेले रबर साधारण १ ते ४ मिलिमीटरच्या दाण्यांत दळतात. वरचा पातळ थर रंगीत असतो. स्वस्त मालात टायरच्याच काळ्या दाण्यावर लाल किंवा हिरवा रंग चढवलेला असतो. तो घासला गेला की खालचा काळा दाणा दिसू लागतो. महाग मालात वरचा थर ईपीडीएम या रबराचा असतो आणि रंग दाण्याच्या आतपर्यंत मुरलेला असतो. नेहमीचे माप ५० × ५० सेंटीमीटर, जाडी २० पासून १०० मिलिमीटरपर्यंत. ४० मिलिमीटरची एक टाईल साधारण नऊ किलो भरते. खालच्या बाजूला बुटके पाय किंवा पन्हळी ठेवलेल्या असतात. त्यातून पाणी वाहते, आणि वरून कोणी आदळले तर रबराला दबायला जागा मिळते.

जाडी किती घ्यायची हे दिसण्यावर ठरत नाही, पडण्याच्या उंचीवर ठरते. युरोपातील ईएन ११७६ आणि ईएन ११७७ ही मानके जगभर आधाराला घेतली जातात. त्यांच्या हिशेबाने पडण्याची उंची ६० सेंटीमीटरच्या वर गेली की खाली धक्का शोषणारा पृष्ठभाग हवा, आणि कोणत्याही खेळण्यावरून पडण्याची उंची ३ मीटरच्या पुढे जाऊ नये. चाचणीसाठी धक्कामापक बसवलेले डोक्याच्या आकाराचे वजन वाढत्या उंचीवरून टाकतात. डोक्याच्या इजेचा निर्देशांक ज्या उंचीला १००० वर पोहोचतो, ती त्या पृष्ठभागाची मर्यादा. त्यामुळे विक्रेत्याकडे ‘किती मिलिमीटर’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती उंचीपर्यंत तपासलेली’ हे कागदावर मागावे लागते. सारख्याच जाडीच्या दोन कारखान्यांच्या टाईल्स या चाचणीत बऱ्याच वेगळ्या ठरू शकतात. दीड मीटरपर्यंतच्या खेळण्याभोवती किमान दीड मीटरची मोकळी जागा याच पृष्ठभागाची असावी लागते, आणि उंची वाढेल तशी ती ३ मीटरच्या खेळण्याला अडीच मीटरपर्यंत जाते. घसरगुंडीच्या तोंडापाशी चार टाईल्स टाकून बाकी जमीन उघडी ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. तिचा उपयोग फोटोपुरताच.

जाडीनंतर प्रश्न खालच्या जमिनीचा. उदाहरणाला जऊळका घेऊ: हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे गाव. आजूबाजूला सोयाबीन आणि तुरीची शेते, खाली बेसाल्ट खडक आणि त्यावर काळी माती. वऱ्हाडातली जुनी गावे पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, वसलेली असतात. घरे पांढरीत, शेते काळीत, ही जुनी वाटणी. नवे बांधकाम मात्र गावठाणाबाहेर सरकते. शाळेच्या जादा खोल्या, अंगणवाडी, खुली व्यायामशाळा, प्लॉट पाडलेली वस्ती, हे सारे एकेकाळच्या शेतात उभे राहते. खेळाचे मैदान तर हमखास काळ्या मातीवर येते, कारण मोकळी सपाट जागा तिथेच असते.

या मातीतले माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात, त्यांची खोली मीटरभर किंवा जास्तही असते; जुलैत तीच जमीन फुगून मिटते. एवढी हालचाल करणाऱ्या जमिनीवर नुसता दहा सेंटीमीटरचा काँक्रीटचा पापुद्रा टाकला तर तो जमिनीबरोबर वर-खाली होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी कडांखाली आधी शिरते, म्हणून कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडांखालचीच माती आधी सुकते आणि कड अधांतरी राहते. काँक्रीट तडकते, तुकडे एकमेकांपासून खालीवर होतात आणि वरच्या टाईलचा सांधा उघडतो. पाहणारा म्हणतो, टाईल खराब निघाली. टाईल उचलून पाहिली तर खालचा तडा सापडतो.

म्हणून वाशिम-अकोल्याच्या पट्ट्यात रबरी टाईल बसवण्याच्या कामाचा मोठा भाग टाईल येण्याआधीचाच असतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात फुगणाऱ्या मातीवरच्या कालव्यांसाठी आणि पायांसाठी एक उपाय मांडला होता: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मुरमाड मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसवायचा. हा थर खालच्या मातीचे फुगणे दाबून ठेवतो. खेळाच्या छोट्या मैदानासाठी मीटरभर खोदाई आणि भराव कुणाच्याही अंदाजपत्रकात बसत नाही. व्यवहारात दीड-दोन फूट काळी माती उपसून मुरूम भरण्यावर तडजोड होते. ती चालते, पण दोन अटींवर. मुरूम नदीच्या वाळूसारखा सुटा नसावा, कारण सुट्या भरावात पाणी साठून खालच्या मातीला वर्षभर पाजत राहते. आणि भराव मैदानाच्या कडेच्या बाहेर निदान दोन फूट नेलेला असावा, म्हणजे ओल-सुकीचा खेळ काँक्रीटच्या कडेखाली न चालता त्याच्या बाहेर चालेल.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस किंवा छोटा रोलर फिरवून बसवायचा. सगळा एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे चार बोटे कडक होतात आणि खालचा मुरूम पहिल्या पावसात बसतो. मुरमावर गिट्टीचा थर, त्यावर चार इंचांचे काँक्रीट. काँक्रीटला साधारण ३ मीटरच्या अंतराने सांधे कापून ठेवायचे, म्हणजे तडा पडायचाच असेल तर सरळ रेषेत पडेल. ढाळ शंभराला एक ते दीड. टाईलखाली पाणी पन्हळींतून वाहणार असल्याने खालच्या काँक्रीटचाच ढाळ नेमका हवा. वरून टाईल सपाट दिसली तरी खाली खळगा राहिला तर तिथे महिनोन्‌महिने पाणी कुजते आणि डास होतात. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी ही गवंड्याची जुनी हत्यारे इथे पुरतात. गावातला फरशी बसवणारा चांगला मिस्त्री हे काम नीट करतो, फक्त ढाळ कुठल्या बाजूला उतरवायचा हे त्याला आधी सांगावे लागते. उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारी चारी खोदली नाही, तर शेतातून येणारे गढूळ पाणी थेट टाईलखाली शिरते आणि पन्हळी गाळाने भरतात. एकदा भरलेली पन्हळ टाईल उचलल्याशिवाय साफ होत नाही.

काँक्रीट ओतले की वेळेचा प्रश्न येतो. टाईल चिकटवण्याचे पॉलियुरेथेन ओलाव्याशी क्रिया करून घट्ट होते. ओलावा जास्त झाला तर वायू सुटून ते फेसाळते आणि पकड ढिली पडते. काँक्रीट सात दिवस पाण्याखाली ठेवल्यानंतर पुढेही नीट सुकू द्यावे लागते. एकूण चार आठवडे धरावेत. साधी परीक्षा अशी: हात-दीड हात लांबीरुंदीचा पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने काँक्रीटवर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचा. खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबायचे.

हे थांबणे सरकारी कामात सर्वांत अवघड. निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी काँक्रीट आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टाईल असा घाईचा क्रम पडतो. दुसरी सोयीची वेळ वाटते ती उन्हाळ्याच्या सुट्टीची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, तेव्हा मे महिना मोकळा मिळतो. पण मे महिना रबराला सर्वांत वाईट. या भागासाठी योग्य क्रम म्हणजे पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत भराव आणि काँक्रीट, आणि जानेवारी-फेब्रुवारीत टाईल. मुरूम दाबायला लागणारी ओल ऑक्टोबरात जमिनीत थोडी उरलेली असते आणि थंडीत काँक्रीट सावकाश, कमी तडे जाऊन पिकते.

मे महिना वाईट का, याचे उत्तर रबराच्या प्रसरणात आहे. काँक्रीटच्या मानाने दाणेदार रबर तापमानाला साधारण दहापट किंवा त्याहून अधिक फुगते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर अर्ध्या मीटरच्या एका टाईलची लांबी दोनएक मिलिमीटरने बदलते. तीस फुटांची ओळ मोकळी असती तर साडेतीन सेंटीमीटरने वाढली असती. खालचे काँक्रीट तेवढ्याच फरकाला चार मिलिमीटरही वाढत नाही. डिसेंबरच्या पहाटे १०-१२ अंशांत टाईल्स गच्च ठोकून बसवल्या तर एप्रिलच्या दुपारी मधली ओळ पाठ उचलते. मे महिन्याच्या भर उन्हात, पूर्ण फुगलेल्या टाईल्स बसवल्या तर हिवाळ्यात सांधे उघडतात आणि त्यात माती, गवताचे बी, पाणी शिरते. दोन्हींच्या मधले तापमान पकडणे हाच मार्ग: माघ-फाल्गुनातली सकाळची उशिराची वेळ, पृष्ठभाग कोमट पण तापलेला नाही अशी.

त्यासाठी माल आला की गाडीतून उतरवून थेट लावू नये. ट्रकच्या हौद्यात एकावर एक रचलेल्या टाईल्स दबलेल्या, वरच्या तापलेल्या आणि खालच्या थंड असतात. निदान एक दिवस-रात्र त्या कामाच्या जागीच सावलीत पसरून ठेवाव्यात. तीस बाय चाळीस फुटांच्या जागेला सुमारे ४४६ टाईल्स लागतात. काटछाटीसाठी पाच टक्के धरले तर ४७० च्या आसपास, म्हणजे चार टनांहून अधिक वजन. ते उतरवायला, मोजायला आणि पसरायला माणसे आधीच ठरवून ठेवावी लागतात. मोजताना प्रत्येक टाईलची जाडीही पाहावी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सुट्या टाईलमध्ये डोळ्याला दिसत नाही, मैदानावर मात्र पायाला लगेच ठेच लागते.

मांडणी मधून सुरू करावी. दोन दोऱ्या काटकोनात ताणून मैदानाचा मध्य काढायचा, गुण्याने तपासायचा आणि कडेला किती रुंदीचा तुकडा उरतो ते कोरडे मांडून पाहायचे. चार बोटांची पट्टी कडेला उरणार असेल तर पहिली ओळ अर्ध्या टाईलने सरकवावी. अरुंद पट्टी कधीच टिकत नाही. विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड ठेवली म्हणजे एका ओळीचा ताण पुढच्या ओळीत वाटला जातो. बहुतेक टाईल्सच्या बाजूंना भोके असतात, त्यात प्लॅस्टिकच्या खुंट्या बसवून टाईलला टाईल जोडतात. खुंट्या असल्या तरी कडेच्या दोन ओळी खाली आणि बाजूंनी चिकटवाव्यात. कडेला टाईलच्या उंचीएवढी काँक्रीटची कड हवी, नाहीतर मुले धावत चढतात-उतरतात तिथून पहिली टाईल सुटते आणि मग शेजारच्या.

दोन डब्यांचे चिकटद्रव्य असेल तर उन्हाचा हिशेब ठेवावा. सावलीत अर्धा तास कामाला येणारे मिश्रण तापलेल्या दिवशी त्याच्या निम्म्या वेळात ओढ घेते. थोडे थोडे कालवावे, खाचेदार पत्र्याने पसरावे, टाईल ठेवून रबरी हातोड्याने सर्व बाजूंनी ठोकावी. हातमोजे घालावेत. कातडीला लागलेले पॉलियुरेथेन दोन दिवस निघत नाही, आणि त्यातल्या आयसोसायनेटमुळे बंद जागेत श्वासाचा त्रास होतो. उघड्या मैदानावर तो धोका कमी. कापण्याचे काम सोपे आहे: खडूने खूण, पोलादी पट्टी आणि धारदार कटर, पाते साबणाच्या पाण्यात बुडवून. घसरगुंडी किंवा झोपाळ्याच्या खांबाभोवती टाईल गोल कापून उरलेली फट रबराचा भुगा आणि चिकटद्रव्य कालवून भरतात. खांबाचा काँक्रीटचा ठोकळा टाईलच्या वर डोकावता कामा नये. रबरी मैदानावर मुलाचे डोके फुटण्याची कठीण जागा तीच राहते.

टाईलऐवजी जागेवर ओतायचे रबर घ्यावे का, हा प्रश्न मोठ्या शहरांत रास्त आहे. ओतीव रबराला सांधे नसतात. त्याच्यासाठी मात्र मिसळणयंत्र, सरावलेली टोळी आणि काही तासांचे कोरडे हवामान लागते, आणि एक कोपरा उखडला तर तीच टोळी पुन्हा बोलवावी लागते. जऊळक्यासारख्या गावात, जिथे पुढची दुरुस्ती गावातल्याच मिस्त्रीने करायची आहे, टाईल सरस ठरते. एक टाईल काढून दुसरी बसवणे त्याला एकदा पाहून जमते.

गच्चीवर रबरी टाईल बसवण्याची गोष्ट निराळी. तिथे जमीन हलत नाही, पण खाली घर असते. टाईल हे वॉटरप्रूफिंग नव्हे, हे घरमालकाला आधी पटवावे लागते. कारण बहुतेकांना गळतीवरचाच उपाय म्हणून ती सुचलेली असते. गळकी गच्ची झाकली तर गळती थांबत नाही, फक्त कुठून गळते ते दिसेनासे होते. आधी पन्हाळ बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साचवून पाहायचे. ओल उतरली नाही तरच पुढे जायचे. विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर त्याचे तडे भरून, भिंतीलगतच्या कोपऱ्यातला गोलसर वाटा तपासून घ्यायचा. डांबरी किंवा पीव्हीसीचे आवरण असेल तर रबर थेट टेकवायचे नाही. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य रबरात उतरते आणि आवरण कडक होऊन चिरते. मध्ये जिओटेक्स्टाईलचे कापड घालावे. आवरणाला टाईल चिकटवू नये, टाईल टाईललाच चिकटवावी.

वजन फारसे नाही. ४० मिलिमीटरच्या टाईलचा भार चौरस मीटरला ३५ किलोच्या आसपास येतो. भारतीय मानक ८७५ मध्ये वावराच्या गच्चीसाठी चालता भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो धरलेला आहे. धाब्याच्या जुन्या घरांना हा हिशेब लागू नाही. तिथे आधी जाणत्याला दाखवावे. वैशाखातल्या वावटळीत कडेच्या सुट्या टाईल्स उचलल्या जाऊ शकतात, म्हणून कडेच्या ओळी एकमेकींना पक्क्या जोडायच्या. गच्चीचे तळ चार सेंटीमीटरने वर येते, तेवढी कठड्याची उंची कमी होते आणि जिन्याच्या खोलीचे बाहेर उघडणारे दार घासू लागते. पन्हाळाच्या तोंडावर टाईल न बसवता जाळी उघडी ठेवावी, कारण कडुनिंबाचा पाला तिथेच अडकतो आणि तो हाताने काढावा लागतो.

वऱ्हाडातली गच्ची ही शोभेची जागा नाही. तिच्यावर धुतलेले गहू, तूर आणि मिरची वाळते, कुरड्या-पापड-शेवया होतात, उन्हाळ्यात रात्री अंथरुणे पडतात. टायरच्या रबरावर धान्य किंवा वाळवण थेट पसरू नये. युरोपीय संघाने १० ऑगस्ट २०२२ पासून खेळाच्या जागांवर सुटे वापरल्या जाणाऱ्या रबरी दाण्यांतील आठ विशिष्ट बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांवर किलोला २० मिलिग्रॅमची एकत्रित मर्यादा घातली. घट्ट दाबलेल्या टाईलमधून दाणे सुटण्याचा धोका कमी, पण तापलेल्या रबरावर तासन्‌तास पडलेले पापड कुणी खाऊ नयेत एवढे शहाणपण पुरे. सर्वांत बरे म्हणजे निम्मी गच्ची मोकळी ठेवणे. अंथरूण टाकायला टाईल बरी: जाड स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, रबराचा पातळ थर त्या मानाने लवकर निवतो. दिवाळीत भुईचक्र आणि अनार मात्र मोकळ्या अर्ध्या भागातच उडवायचे. रबरावर जळका डाग पडतो तो जात नाही.

उन्हाचा मुद्दा मैदानावर अधिक गंभीर आहे. मे महिन्यात हवेचा पारा ४२-४४ अंशांवर असतो तेव्हा उघड्यावरचा गडद रबरी पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. अनवाणी येणाऱ्या अंगणवाडीच्या मुलाचे तळपाय त्याने भाजू शकतात. फिका रंग, हिरवी शेडनेट, कडुनिंबाखालची जागा या गोष्टींनी फरक पडतो. पण झाडाच्या बुंध्याभोवती चार-पाच फूट जमीन उघडी ठेवावी, नाहीतर मुळे सुकतात आणि पुढे टाईल उचलतात. जिथे सावली नाही आणि करताही येणार नाही, तिथे रबरी टाईलचा हट्ट धरू नये. ३० सेंटीमीटर खोल वाळूचा खड्डा दोन मीटरच्या पडण्याला पुरतो. वाळू पायांनी सरकते, कुत्री-मांजरे ती घाण करतात, दर महिन्याला ती ओढून सारखी करावी लागते. तरी ती दुपारी निदान उकरून थंड थर वर आणता येतो. या भागातल्या निम्म्या छोट्या मैदानांना वाळूच अधिक शोभेल.

देखभालीत मुख्य शत्रू चिखल. पावसाळ्यात मुलांच्या पायांनी आलेली काळी माती रबराच्या छिद्रांत बसते आणि सुकून दगड होते. मग पाणी झिरपत नाही, टाईलचे दबणेही कमी होते. प्रवेशाशी पाय पुसायला गिट्टीची पट्टी, आठवड्याला खराटा, पावसाळ्यानंतर एकदा पाण्याचा जोरदार मारा, एवढे केले तर बरीच वर्षे निभते. हराळी आणि गाजरगवत सांध्यात दिसले की मुळासकट उपटायचे. सुटलेल्या टाईलखालच्या पोकळीत विंचू-गोम आसरा घेतात, म्हणून उचललेली कड दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. झोपाळ्याखालची आणि घसरगुंडीच्या तोंडाची टाईल बाकीच्यांच्या आधी झिजते. ऊन खाऊन रबर हळूहळू कडक होते. वरून अंगठ्याने घासल्यावर दाणे सुटू लागले तर चिकटद्रव्य संपत आले असे समजावे आणि तेवढ्या टाईल्स बदलाव्यात. त्यासाठी पहिल्याच खरेदीत त्याच खेपेच्या दहा-बारा टाईल्स जादा घेऊन शाळेच्या अंधाऱ्या खोलीत आडव्या रचून ठेवतात. पुढच्या खेपेचा लाल रंग कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि उभी ठेवलेली टाईल वर्षभरात वाकते.